पाण्यात दारू मरते का?

आमच्या इंदापूर तालुक्यात विहीर खोलवणे हा एकेकाळी घरातल्या लग्नाइतकाच मोठा प्रसंग असे. मी चौथीत असताना आमच्या विहिरीला मुरूम संपून काळा पाषाण लागला. पहार दाद देईना, तेव्हा सुरुंग लावायचे ठरले. वडार समाजातील एक वृद्ध गृहस्थ त्या कामात जाणते होते. सारा गाव त्यांना तात्या म्हणे. त्यांनी दोन दिवस घण मारून नऊ भोके पाडली, त्यांत कांड्या भरल्या, वाती लावल्या आणि सगळ्यांना वर पिटाळले. आम्ही पोरे बांधाआड बसून आवाज मोजत होतो. सात झाले, आठ झाले. नववा काही आला नाही. एक बार फुसका गेला होता.

संध्याकाळपर्यंत विहिरीत गुडघाभर पाणी चढले. माझे चुलते म्हणाले, "बरं झालं. भिजली की दारू मेली. सकाळी पहारीनं उकरून काढू." तात्यांनी मान हलवली. "अण्णा, तिला हात लावायचा नाय. भिजली तरी ती मरत नाय." सकाळी पाणी उपसल्यावर त्यांनी त्या भोकाभोवती चुन्याचे मोठे कडे काढले आणि पुढची सगळी भोके तेथून चांगली लांब, दुसऱ्या अंगाला पाडली. चुलत्यांना ते पटले नव्हते. दगडाची एक बाजू तशीच उभी राहिली, विहीर वाकडी झाली, याचे त्यांना पुढे कितीतरी दिवस वाईट वाटत होते.

दारू म्हणजे येथे सुरुंगाची दारू, हे सांगायला नको. दुसऱ्या दारूविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही. परंतु त्या दिवशी दोन वडीलधाऱ्या माणसांत जो वाद झाला, तो वाटतो तितका लहान नाही. पाण्यात, गाळात, समुद्राच्या तळाशी पडलेल्या स्फोटक द्रव्याचे शेवटी काय होते? ते मरते का? मरत असेल तर कोण मारते, आणि किती वेळ लागतो?

पहिल्यांदा चुलत्यांची बाजू सांगतो, कारण तीही अगदीच खोटी नव्हती. त्यांनी लहानपणी पाहिलेली दारू ही काळी दारू होती. सोरा, गंधक आणि कोळसा यांची ती भुकटी. यातला सोरा मिठासारखा पाण्यात विरघळतो. म्हणून काळी दारू भिजली की खरोखरच निकामी होते. उरतो तो गंधक आणि कोळसा. पण तात्यांनी भरलेल्या कांड्या जिलेटीनच्या होत्या. त्यांत नायट्रोग्लिसरीन असे आणि त्याचा चिकट गोळा पाण्याला सहजासहजी आत शिरू देत नसे. ओल्या भोकांत वापरता यावी म्हणूनच तर ती कांडी निघाली. आता ती जुनी कांडी मागे पडून इमल्शनची कांडी आली आहे. गावात मात्र अजून तिला जिलेटीनच म्हणतात. ही नवी कांडीसुद्धा पाण्याला भीत नाही. तेव्हा आमच्या विहिरीपुरता निकाल तात्यांच्या बाजूने लागतो.

हाच प्रश्न मुंबईच्या गोदीला १९४४ साली फार मोठ्या मापाने पडला. 'फोर्ट स्टिकिन' नावाचे मालवाहू जहाज २४ फेब्रुवारीला इंग्लंडातील बर्कनहेड बंदरातून निघाले आणि कराचीवरून १२ एप्रिलला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत येऊन लागले. त्याच्या पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा होता: पाणसुरुंग, पाणतीर, तोफगोळे. शिवाय सोन्याच्या १२४ विटा होत्या, आणि कराचीत भरलेल्या कापसाच्या गाठी व तेलाची पिंपेही होती. असा माल एकमेकांशेजारी रचणे म्हणजे काय, हे कडब्याच्या गंजीला चूल लावून बसणाऱ्यालाच विचारावे. १४ एप्रिलला दुपारी जहाजातून धूर निघू लागला. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि सुमारे अर्ध्या तासाने दुसरा. कुलाब्याच्या वेधशाळेतच काय, पण दूर सिमल्याच्या भूकंपमापकावरसुद्धा त्याची नोंद झाली. आग विझवता विझवता अग्निशामक दलाचे ६६ जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. एकंदर मृतांचा आकडा आठशेपासून तेराशेपर्यंत सांगतात. गोदी साफ करायला हजारो माणसांना रात्रंदिवस राबून सुमारे सात महिने लागले.

त्या १,४०० टनांतील बहुतेक दारूगोळा त्या दिवशीच उडाला वा जळाला. पण सगळा नाही. पुढे कित्येक वर्षे गोदीतला गाळ उपसताना सोन्याच्या विटा निघत राहिल्या. आणि २०११ च्या ऑक्टोबरात त्याच गोदीत सुमारे ४५ किलो वजनाचा एक तोफगोळा सापडला. तो जिवंत होता. सदुसष्ट वर्षे खाऱ्या पाण्यात आणि चिखलात राहूनही जिवंत! तात्यांना हे कळते तर ते नुसते मान हलवून गप्प बसले असते.

मग समुद्र काहीच करीत नाही म्हणायचे काय? तसे नाही. समुद्राचा गाळ स्फोटक द्रव्य पचवतो, हे आता शंकेपलीकडे सिद्ध झाले आहे. फक्त ते द्रव्य त्याच्या तोंडाशी आले पाहिजे. लोखंडी कवचात बंद असलेली दारू ही मडक्यात घालून, तोंड बांधून ठेवलेल्या धान्यासारखी आहे. किड्याला वास नाही, पाण्याला वाट नाही. कवच गंजून भोक पडेपर्यंत आत काहीही घडत नाही. खाऱ्या पाण्यात लोखंड गंजते हे खरे. परंतु गोळा गाळात खोल रुतला, तेथे प्राणवायू पोचेना झाला, की गंजसुद्धा सावकाश चढतो.

कवच फुटले म्हणजे दुसरा अडसर येतो, तो विरघळण्याचा. लढाईतील दारूगोळ्यात ज्याचा सर्वाधिक उपयोग झाला ते ट्रायनायट्रोटोल्युईन, म्हणजे टी. एन. टी. हे पिवळसर रंगाचे, मेणासारखे वितळणारे द्रव्य आहे. सुमारे ८० अंशांवर ते पातळ होते, म्हणून तोफगोळ्यात ओतायला सोयीचे. पाण्यात मात्र ते फारच थोडे विरघळते. एक लिटर पाण्यात जेमतेम १०० मिलिग्रॅम. म्हणजे एक किलो टी. एन. टी. विरघळवायला १०,००० लिटर पाणी हवे. दुष्काळात आपल्या बारामती-इंदापूरच्या जिरायत गावांत जो पाण्याचा टँकर येतो, तो साधारण तेवढाच असतो. एका किलोला एक टँकर, आणि तोही सगळा घुसळून. आता एखाद्या पाणसुरुंगातील शेकडो किलोंचा हिशेब तुम्हीच करा.

हे थोडेथोडे विरघळलेले द्रव्य मात्र फार दिवस टिकत नाही. उथळ, स्वच्छ पाण्यात ऊन पोचत असेल तर टी. एन. टी. उन्हानेच फुटू लागते आणि पाण्याला गुलाबी-तांबूस रंग चढतो. मुंबईच्या बंदरातील पाणी गढूळ. तेथे खाली ऊन ते कसले पोचणार? तेथे काम करतो तो गाळ. या गाळाची ओळख करून घ्यायला मुंबईस जायला नको.

उन्हाळ्यात उजनीचे पाणी उतरले म्हणजे पळसदेवकडे भीमेच्या काठाने चालत जा. गाळाचा वरचा पापुद्रा तपकिरी दिसेल. त्यात काठी खुपसून बाहेर काढली तर तिला काळाकुट्ट चिखल लागलेला असतो, आणि कुजक्या अंड्यासारखा वास येतो. वरच्या पापुद्र्यात प्राणवायू आहे. खाली तो संपला. खालच्या अंधारात राहणाऱ्या सूक्ष्म जंतूंना श्वास तर घ्यायचा असतो. ते मग नायट्रेटमधला, लोखंडाच्या गंजातला, गंधकाच्या क्षारातला प्राणवायू ओरबाडतात. समुद्राच्या पाण्यात गंधकाचे क्षार भरपूर, म्हणून खाडीच्या चिखलाला तो वास अधिकच येतो.

आणि स्फोटक द्रव्य म्हणजे तरी काय? नत्र आणि प्राणवायू यांच्या जोड्या ज्याच्या अंगावर टांगल्या आहेत असे कर्बाचे कडे. टी. एन. टी.च्या कड्यावर अशा तीन जोड्या असतात. हा प्राणवायू बरोबर घेऊन हिंडते म्हणूनच ते क्षणात, बाहेरच्या हवेची वाट न पाहता पेटते. गाळातले जंतू आणि तेथील लोहाचे कण त्या जोड्यांतला प्राणवायू एकेक करून काढून घेतात. तीनांतली एक जोडी गेली की त्याची स्फोटकता ओसरू लागते. तिन्ही गेल्या की ते स्फोटक राहतच नाही. उरलेले रेणू चिखलातल्या कुजकट द्रव्याला असे घट्ट चिकटून बसतात की पुन्हा सहसा सुटत नाहीत. प्रयोगशाळेत, काळ्या गाळात मिसळलेल्या टी. एन. टी.चा मूळ रेणू काही दिवसांतच दिसेनासा झालेला आढळतो.

दुसरे द्रव्य आर. डी. एक्स. पाणतिरांत टी. एन. टी. आणि ॲल्युमिनियमच्या भुकटीबरोबर ते मिसळत असत. याची रीत वेगळी. ते गाळाला चिकटत नाही. प्राणवायू असलेल्या पाण्यात बराच काळ तसेच हिंडत राहते. पण प्राणवायू नसलेल्या गाळात शिरले की जंतू त्याचे कडेच मोडतात, आणि एकदा कडे मोडले की बाकीचा डोलारा आपोआप कोसळतो.

दिसेनासे झाले म्हणजे संपले असे मानता येत नाही, हे शास्त्रज्ञांनाही ठाऊक होते. चोरी झालेला बैल बाजारात दिसला नाही म्हणून तो मेला असे कोण म्हणेल? तो दुसऱ्या गावच्या गोठ्यात असेल. म्हणून अमेरिकेतील कनेटिकट विद्यापीठाच्या संशोधकांनी एक युक्ती केली. नेहमीच्या नत्राच्या अणूचे वजन १४ असते. निसर्गात थोडासा नत्र १५ वजनाचाही सापडतो. त्यांनी हा जड नत्र घालून टी. एन. टी. आणि आर. डी. एक्स. बनवले, म्हणजे आपण जनावराला डाग देतो तसा डागच दिला म्हणा ना, आणि किनाऱ्यावरचा गाळ, पाणी व शिंपले यांच्याबरोबर ते ठेवले. मग तो डागलेला नत्र कोठे कोठे जातो याचा माग काढला. आर. डी. एक्स.मधला पुष्कळसा नत्र शेवटी साध्या नत्रवायूच्या रूपाने सापडला. आपण श्वासाबरोबर घेतो तो, निरुपद्रवी वायू. टी. एन. टी.चा बराच नत्र मात्र गाळातच अडकून राहिला. एक हवेत गेले, दुसरे चिखलात गाडले गेले. दोन्हींना आपण 'नाहीसे झाले' असेच म्हणतो, पण दोन्हींचा अर्थ निराळा आहे.

शिवाय वाटेत मधले टप्पे आहेत. टी. एन. टी.च्या एक-दोन जोड्या बदलून जी द्रव्ये तयार होतात ती उडत नसली तरी विषारी असतात. जर्मनीच्या किनाऱ्यालगत, उत्तर समुद्र आणि बाल्टिक समुद्र मिळून, सुमारे १६ लाख टन जुना दारूगोळा पडून आहे. दुसरे महायुद्ध संपल्यावर त्यातला पुष्कळसा मुद्दाम नेऊन बुडवला होता. तेव्हा साऱ्यांची समजूत आमच्या चुलत्यांचीच होती: पाण्यात टाकले, मेले. कील बंदराजवळ अशा सुरुंगांच्या ढिगाशेजारी शास्त्रज्ञांनी शिंपले टांगून ठेवले, आणि काही महिन्यांनी त्यांच्या मांसात टी. एन. टी.ची हीच मधली द्रव्ये सापडली. थंड समुद्रात जंतूंचे काम सावकाश चालते हे एक; आणि गाळ पचवतो त्यापेक्षा फुटका सुरुंग अधिक सोडतो हे दुसरे. २०२४ पासून जर्मन सरकारने ल्यूबेकच्या उपसागरात हा दारूगोळा यंत्रांनी वर काढण्याचे काम प्रायोगिक म्हणून सुरू केले. ऐंशी वर्षे समुद्रावर सोपवून पाहिल्यानंतर.

टेम्स नदीच्या मुखाशी तर आमच्या 'फोर्ट स्टिकिन'चे जणू जुळे भावंडच पडले आहे. 'रिचर्ड मॉन्टगोमेरी' हे अमेरिकन जहाज त्याच १९४४ सालच्या ऑगस्टमध्ये तेथे वाळूत रुतून मोडले. त्यावरील थोडा माल काढता आला. सुमारे १,४०० टन स्फोटके आतच राहिली. मुंबईचे जहाज एका दुपारी फुटले, हे फुटलेच नाही. त्याच्या डोलकाठ्या कित्येक दशके पाण्याबाहेर दिसत राहिल्या, आणि भोवती धोक्याच्या तरंगत्या खुणा लावून पहारा ठेवावा लागला. समुद्राने आजवर त्याचे काही वाकडे केलेले नाही, कारण बाँब कवचात आहेत.

मला वाटते, या विषयावर बोलणारे लोक दोन टोकांना जातात. एक म्हणतात, निसर्ग सगळे पोटात घालतो. दुसरे म्हणतात, समुद्र कायमचा नासला. पहिल्यांना तो २०११ चा तोफगोळा दाखवावा आणि दुसऱ्यांना तो नत्रवायू. मुंबईचा समुद्र बाल्टिकपेक्षा पुष्कळ गरम आहे. तेथील गाळ काळा आणि जंतूंनी भरलेला आहे. उघडी पडलेली, विरघळलेली दारू तेथे बाल्टिकपेक्षा लवकर पचावी असेच शास्त्र सांगते. परंतु कवचातल्या दारूला तो नियम लागू नाही. म्हणून असा गोळा सापडला की तो शोधणे, काढणे आणि निकामी करणे हे माणसाचेच काम आहे. ते जंतूंवर ढकलता येत नाही. २०१३ च्या १४ ऑगस्टला मुंबईच्याच नौदल गोदीत 'सिंधुरक्षक' पाणबुडीवर स्फोट होऊन १८ नौसैनिक गेले. ती पाणबुडी पुढच्या वर्षी तळावरून वर काढली. तशीच सोडून चालली नसती.

आता आपल्या जमिनींकडे वळतो, कारण या जंतूंशी आपली जुनी ओळख आहे, आणि ती काही प्रेमाची नाही. नीरेचा डावा कालवा आला, ऊस आला, आणि पाणी अतोनात दिल्यामुळे कित्येक रानांचे चोपण झाले. हॅरल्ड मान या शास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यासह १९१० सालीच नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवर पुस्तिका लिहून ठेवली होती. अशा पाणथळ रानात उसाच्या मुळ्यांना हवा मिळत नाही. त्यात तुम्ही युरिया टाकता. त्याचे नायट्रेट होते, आणि खालच्या बिनहवेच्या थरातले जंतू त्या नायट्रेटमधला प्राणवायू ओरबाडून नत्र वायूरूपाने हवेत सोडून देतात. पैसे तुमचे, नत्र आकाशाचे. जे समुद्राच्या गाळात चालते ते हेच. बंदरात या जंतूंचा उपकार वाटतो आणि उसाच्या फडात त्यांचा राग येतो. त्यांना दोन्हींचे सोयरसुतक नाही. रानात चर काढून पाण्याला वाट दिली की त्यांचे काम मंदावते, हे मात्र ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आणि विहीर? फुसक्या बाराच्या भोकात, किंवा त्याला लागून, पुन्हा भोक पाडायचे नाही, कांडी उकरायची नाही, ओढून काढायची नाही, हा नियम खाणींतही आहे. कांडीतली दारू मऊ पडली असे घटकाभर मानले, तरी आतली केप तांब्याच्या वा ॲल्युमिनियमच्या नळीत बंद असते. ती कवचातल्या गोळ्याचीच धाकटी बहीण. जुन्या विहिरीचा गाळ काढताना रंगीत तार, धातूची बारीक नळी किंवा मेणकागदात गुंडाळलेले काही दिसले, तर माणसे वर घ्या आणि पोलीस ठाण्याला कळवा. ते बाँब निकामी करणाऱ्या पथकाला बोलावतात. त्यात कमीपणा काही नाही, आणि कामाचा एखादा दिवस जाईल एवढेच.

१९७२ चा दुष्काळ आला तेव्हा मी अकरावीत होतो. आमची विहीर तळाला गेली आणि पुन्हा खोलवायची वेळ आली. चुन्याचे कडे केव्हाच धुऊन गेले होते. चुलते स्वतः तात्यांच्या घरी गेले. तात्यांना तेव्हा नीट दिसत नव्हते. त्यांना बैलगाडीतून आणले, काठावर बसवले. त्यांनी विचारले, "थारोळं कुठाय?" आम्ही त्यांचा हात धरून मोटेच्या जुन्या थारोळ्यावर ठेवला. तेथून त्यांनी चाचपत, मनाशी मोजत, उगवतीकडे बोट दाखवले. "हिकडं खाली, चार हातांवर. तेवढं सोडून कुठंबी पाडा."

चुलत्यांनी या वेळी वाद घातला नाही. मावळतीच्या अंगाला दहा भोके पाडली. आम्ही बांधाआड बसून आवाज मोजले. दहाच्या दहा झाले, आणि मध्यरात्री खडकातून झरा लागला. उगवतीचा तो दगड अजून विहिरीत तसाच आहे.